एक वाचतो, तीनशे ऐकतात

वाचन म्हणजे एकट्याने, कोपऱ्यात बसून, ओठ न हलविता करावयाची गोष्ट, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ही समजूत फारशी जुनी नाही. चातुर्मासात गावोगाव पोथी लागे, तेव्हा वाचणारा एक असे आणि ऐकणारे सारे आळीकरी असत. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ ज्यांनी जन्मात कधी हाती धरला नाही, अशा असंख्य बायाबापड्यांना त्यांतील कथा तोंडपाठ होत्या. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, तोही पारावर नि चावडीवर असाच एकाने वाचावा आणि दहांनी ऐकावा, या रीतीने पसरला. अक्षर एकाला येते आणि अर्थ सर्वांना कळतो, हा व्यवहार आपल्याला नवखा नाही.

परंतु पोथीच्या श्रोत्याला दोन अधिकार नव्हते. कोणती पोथी लावावयाची हे तो ठरवीत नसे. आणि पोथीत सांगितलेल्या गोष्टीवर वाद घालण्याची सोयही त्याला नसे. हात जोडावयाचे, प्रसाद घ्यावयाचा आणि घरी जावयाचे. हे दोन्ही अधिकार ज्यांनी मिळविले, आणि त्यांसाठी पदरचे पैसे मोजले, अशा श्रोत्यांचा इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे. ते श्रोते विद्वान नव्हते. चिरूट वळणारे कामगार होते. गावोगावची उत्साही मंडळी अलीकडे कथावाचनाची मंडळे काढण्याच्या गोष्टी बोलतात. आठवड्यातून एकदा जमावे, एखादी नामांकित जुनी लघुकथा वाचावी आणि तिच्यावर मोकळेपणाने बोलावे, असा त्यांचा बेत असतो. बेत चांगला आहे. मात्र या वाटेने आपल्या आधी कोण गेले, त्यांना काय लाभले आणि कोणी अडविले, हे ठाऊक असलेले बरे.

१८६५ सालचे क्यूबा बेट डोळ्यांपुढे आणा. स्पेनचे राज्य. गुलामगिरी कायद्याने चालू. ती पुढे १८८६ साली उठली. राजधानी हवाना येथे चिरुटांचे मोठमोठे कारखाने होते. चिरूट वळणाऱ्यांच्या लांबलचक दालनाला ते लोक ‘गालेरा’ म्हणत, आणि तुरुंगातल्या कोठडीलाही त्यांच्या भाषेत हाच शब्द होता. या दालनात रांगांनी मेजे मांडलेली, प्रत्येकापुढे तंबाखूची पाने, हातात ‘चावेता’ नावाचे पात्यासारखे चपटे हत्यार. काम नाजूक आणि कौशल्याचे. परंतु एकदा बोटांना सवय झाली की डोके रिकामेच. यंत्राचा आवाज नाही. सबंध दिवस हात चालतात आणि कान मोकळे राहतात. या मोकळ्या कानांकडे प्रथम ज्यांचे लक्ष गेले, त्यांत सातुर्निनो मार्तिनेस याचे नाव घेतले पाहिजे.

हा मनुष्य मूळचा स्पेनमधील अस्तुरियास प्रांताचा. हवानाच्या पार्तागास कारखान्यात तो चिरूट वळी आणि फावल्या वेळात एका विद्याप्रसारक संस्थेच्या ग्रंथालयात काम करी. कविताही करी. २२ ऑक्टोबर १८६५ रोजी त्याने कारागिरांसाठी ‘ला आउरोरा’, म्हणजे ‘उषा’, नावाचे साप्ताहिक काढले. साप्ताहिक काढले खरे, पण वाचणार कोण? बहुसंख्य कामगारांना अक्षरओळख नव्हती. या अडचणीतून जी तोड निघाली ती मोठी साधी होती. २१ डिसेंबर १८६५ रोजी ‘एल फिगारो’ नावाच्या कारखान्यात सुमारे तीनशे कामगारांच्या पुढे त्यांच्यातलाच एक जण उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. वाचताना त्याचे चिरूट वळणे बंद. म्हणजे त्याची मजुरी बुडणार. ती इतरांनी आपापल्या मजुरीतून थोडी थोडी काढून भरून दिली. नवे वर्ष उजाडते न उजाडते तोच पार्तागासच्या कारखान्यातही वाचन सुरू झाले, आणि पाहता पाहता हे लोण शहरभर पसरले.

या प्रसंगातील हिशेब श्रोत्यांनी नीट पाहावा, अशी आमची विनंती आहे. वाचकाला पगार मालकाने दिला नाही, सरकारने दिला नाही, कोणा दानशूराने दिला नाही. तो ऐकणाऱ्यांनी दिला. ज्याची वर्गणी त्याचा शब्द, हा आम्हां संघटनावाल्यांचा रोजचा अनुभव आहे. वर्गणी कामगारांची असल्यामुळे पुस्तक कोणते घ्यावयाचे, हेही कामगार ठरवू लागले. पुढे पुढे तर त्याची रीतच पडली: नावे सुचवावयाची, मते घ्यावयाची, बहुमताचे पुस्तक लावावयाचे. सेर्व्हांतेस, ह्यूगो, ड्यूमा, झोला ही नावे अशा रीतीने मतपेटीतून निवडून आलेली आहेत. मॉन्टे क्रिस्टो हे चिरुटाचे नामांकित नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले आणि ती कादंबरी वळणाऱ्यांची लाडकी होती, असे सांगतात. वाचन आवडले की कामगार चावेता मेजावर ठोकून पसंती दर्शवीत. टाळ्या वाजवावयाला हात मोकळे कोठे होते?

सत्तेला हे मानवणे शक्य नव्हते. मालकांची परवानगी तर लागेच, काही ठिकाणी पुस्तक आधी मालकाच्या नजरेखालून जावे लागे. परंतु तेवढ्याने भागेना. १८६६ च्या मे महिन्यात हवानाच्या शासनाने हुकूम काढून कारखान्यांतील वाचनावर बंदी घातली. त्या हुकुमातील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुस्तके व वर्तमानपत्रे वाचून कामगारांचे लक्ष विचलित करण्याची मनाई तर त्यात होतीच, पण कामाशी संबंध नसलेल्या चर्चांचीही मनाई होती. हुकूम काढणाऱ्याला खरे दुखणे कळले होते. कादंबरी वाचल्याने कोणाचे राज्य बुडत नाही. कादंबरी संपल्यावर तीनशे माणसे जे बोलू लागतात, त्याची भीती असते. नायकाने चोरी केली ती योग्य की अयोग्य? भुकेल्याने पाव उचलला तर गुन्हेगार कोण? असे प्रश्न एकट्या वाचकाच्या मनात आले तर तो दिवा मालवून झोपी जातो. तीनशे जणांच्या मनात एकाच वेळी आले, तर दुसऱ्या दिवशी ते मजुरीविषयी बोलू लागतात.

१८६८ साली क्यूबात स्वातंत्र्याचे युद्ध पेटले आणि ते दहा वर्षे चालले. हजारो चिरूट-कामगार समुद्र ओलांडून अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात, की वेस्ट बेटावर आणि पुढे टँपा शहराजवळ, वस्तीला गेले. जाताना त्यांनी आपली हत्यारे नेली आणि आपली वाचनाची चालही नेली. तेथे वाचकासाठी दालनात उंच मचाण बांधले जाई आणि दर आठवड्याला त्याच्यासाठी वर्गणी गोळा होई. की वेस्टमध्ये वाचकाचे काम करणारा होसे दोलोरेस पोयो हा पुढे वर्तमानपत्राचा संपादक आणि स्वातंत्र्यचळवळीचा एक म्होरक्या झाला. १८९१ च्या नोव्हेंबरात क्यूबाचा थोर कवी व नेता होसे मार्ती टँपाला आला, तेव्हा त्याचे शब्द झेलावयाला जे श्रोते बसले होते, ते वर्षानुवर्षे ऐकून तयार झालेले होते. या कामगारांनी आपल्या मजुरीतून स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा केला. ज्यांनी पुस्तक ऐकण्यासाठी आधी पदरचे नाणे मोजले होते, त्यांना देशासाठी मोजणे जड गेले नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट थोडी निराळी. तेथे अमेरिकन मजूर महासंघाचा संस्थापक सॅम्युएल गॉम्पर्स तरुणपणी चिरूट वळीत असे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवले आहे की, ज्याचा आवाज चांगला तो वाची, आणि त्याचे नुकसान होऊ नये म्हणून बाकीचे आपल्या ढिगातले चिरूट त्याला देत. १८८६ साली तो महासंघ स्थापन झाला. त्याच्या पुढाऱ्याचे विद्यापीठ हे असे होते. पोर्तोरिकोहून १९१६ साली न्यूयॉर्कला आलेल्या बेर्नार्दो व्हेगा या कामगाराच्या आठवणीही मोठ्या वाचनीय आहेत. सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी ग्रंथ, अशी वाटणी असे. झोला, ह्यूगो, गॉर्की, टॉलस्टॉय अशी नावे दुपारच्या वाट्याला येत. वाचन थांबले की मेजामेजांवर वाद सुरू होई, आणि शब्दाच्या अर्थावरून हमरीतुमरी झाली की शब्दकोश मागविला जाई. त्या शब्दकोशाला त्यांनी नाव ठेवले होते ‘माताबुर्रोस’, म्हणजे गाढवे मारणारा! आपल्या अज्ञानाला असे हसत हसत मारणे ज्यांना जमले, ते लोक शिकलेलेच म्हटले पाहिजेत, मग त्यांच्याजवळ दाखला असो वा नसो.

हे काम पुरुषांपुरते नव्हते. पोर्तोरिकोची लुइसा कापेतिलो (१८७९–१९२२) ही चिरूट कारखान्यात वाचिका होती आणि पुढे कामगार चळवळीची नामवंत कार्यकर्ती झाली. ऐकणारेही कारखान्यापुरते नव्हते. हेसूस कोलोन या लेखकाने १९६१ च्या आपल्या पुस्तकात सांगितले आहे की, लहानपणी घरामागच्या कारखान्याच्या खिडकीतून येणारा वाचकाचा आवाज हीच त्याची पहिली शाळा होती.

शेवटी हा आवाज कसा बंद पडला, तेही ऐका. १९३१ च्या नोव्हेंबरात टँपाच्या मालकांनी ठरवून वाचकांना काढून टाकले. आक्षेप तोच: वाचक जहाल विचार पसरवितात. कामगारांनी संप केला, तो चिरडला गेला. मचाणे उतरली आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. रेडिओला वर्गणी लागत नाही, मते घ्यावी लागत नाहीत, आणि त्याला मधेच थांबवून “हे पुन्हा वाच” असे म्हणता येत नाही. क्यूबात मात्र बंदीनंतरही वाचन परत परत उभे राहिले. क्रांतीनंतर वाचक कारखान्याचा पगारी नोकर झाला. २०१२ साली त्या सरकारने या वाचनाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. मान मिळाला हे उत्तमच; पण वर्गणीची ती जुनी पेटी गेली हे संघटनावाल्याच्या नजरेतून सुटत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. चिरुटाचा धाकटा भाऊ म्हणजे विडी. मांडीवर सूप, टेंभुर्णीचे पान, चिमूटभर तंबाखू आणि दोरा. येथेही हात गुंतलेले, कान मोकळे. उत्तर केरळात कन्नूरच्या बाजूस विडी कामगारांनी नेमकी हीच युक्ती केली. एकाने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्याव्यात. हवानाची बातमी कन्नूरला कोणी पोहोचविली होती असे समजण्याचे कारण नाही. सारखे काम सारखी अक्कल देते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानंतर खाजगी मालकांनी कामे बंद केली, तेव्हा १९६९ साली तेथे कामगारांची ‘केरळ दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या शेडमध्येही वाचनाची ही चाल राहिली. जे कामगार बेकारीच्या तोंडावर सहकारी संस्था काढू शकले, त्यांच्या कानांवर आधीची कित्येक वर्षे काय पडत होते, याचा विचार करावा.

मुंबईच्या गिरण्यांत असे का झाले नाही, असा प्रश्न येईल. उत्तर साचेखात्यात पाऊल टाकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. हजार साचांच्या खडखडाटात शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, तेथे ह्यूगो कोठून ऐकू येणार? गिरणी कामगाराचे कान कामाच्या वेळी विकलेले असत. म्हणून त्याला आधी वेळ मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्र चालविले, गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांकडून आठवड्याची सुटी मान्य करून घेतली. योगायोग असा की, त्याच १८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातील ‘स्फुट गोष्टीं’नी मराठी लघुकथेचा पाया घातला. कामगाराला रविवार आणि मराठीला लघुकथा, दोन्ही एकाच वर्षी दारात आली. त्या दोघांची गाठ मात्र लवकर पडली नाही. रविवारी गिरणगावात भजन झाले, तमाशा झाला, कुस्ती झाली. कथा मात्र बराच काळ शिकलेल्यांच्या ओटीवरच बसून राहिली.

ती गाठ घातली ती दुसऱ्या टोकाने. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. मुंबईच्या पाट्यांवरची आणि सिनेमाच्या फलकांवरची अक्षरे वाचीत ते साक्षर झाले आणि कथा लिहू लागले. कामगार श्रोता होण्याआधीच लेखक झाला! पुढे १९६० नंतरच्या काळात शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाने गावोगावची मैदाने भरविली. मराठी माणसाचे कान कथेला भुकेले आहेत, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले. पण कथाकथनात श्रोता हसतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. बोलण्याची त्याची पाळी येतच नाही. आमचे व्याख्यानमालांबद्दलही थोडे असेच म्हणणे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचे ऋण साऱ्या महाराष्ट्रावर आहे. तरीही व्याख्यानाची खुर्ची उंच असते आणि सतरंजी खाली असते.

ती उंची मोडण्याचा एक प्रयोग स्वीडनमध्ये झाला. ऑस्कर ओल्सन या दारूबंदीच्या कार्यकर्त्याने १९०२ साली लुंड गावी पहिले अभ्यासमंडळ काढले. थोडी माणसे, शिक्षक नाही. पुस्तके आणावयाची, आळीपाळीने वाचावयाची, जमून बोलावयाचे, आणि वाचून झालेली पुस्तके ग्रंथालयात जमा करावयाची. १९१२ साली तेथील कामगार चळवळीने आपली शिक्षणसंस्था याच पायावर उभारली. अमेरिकेत १९४७ साली शिकागो येथे हचिन्स आणि ॲडलर यांनी थोर ग्रंथांच्या सामुदायिक चर्चेसाठी एक संस्था काढली. तिचा एक नियम आम्हांला लाखमोलाचा वाटतो: चर्चा चालविणाऱ्याने उत्तर देऊ नये, फक्त प्रश्न विचारावा, आणि तोही असा की ज्याचे उत्तर त्याला स्वतःलाच नक्की ठाऊक नाही.

आता कोणी म्हणेल, कादंबरी सोडून लघुकथाच का? कारण वेळ. एडगर ॲलन पो याने १८४२ साली सांगून ठेवले की, कथा अर्ध्या तासापासून एकदोन तासांपर्यंत, एका बैठकीत संपावी. पाळी संपवून आलेल्या माणसाजवळ एक बैठकच असते. कादंबरीच्या वाचनाला एक आठवडा चुकला तर मागचा धागा तुटतो आणि दुसऱ्या आठवड्याला तो माणूस लाजेने येत नाही. कथेला तशी खंत नाही. जो आज आला त्याला आज सबंध गोष्ट मिळते, आणि वादाला तो कालच्या सभासदाच्या बरोबरीने बसतो.

उदाहरण घ्या. चेखोव्हची १८८६ सालची एक कथा आहे. घोडागाडीवाल्या म्हाताऱ्याचा तरुण मुलगा वारला आहे. आपले दुःख कोणाला तरी सांगावे म्हणून तो प्रत्येक उतारूशी बोलू पाहतो, आणि कोणी ऐकत नाही म्हणून अखेर घोड्याला सांगतो. कोणी म्हणेल, उतारू निर्दय होते. रिक्षावाला म्हणेल, उतारूलाही घाई असते. दोघेही खरे, आणि मग बोलणे थांबत नाही. किंवा अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. खाणीचे काम बंद पडलेला भीमा मढ्यांच्या राखेतले सोने शोधू लागतो, त्यापायी हाताची बोटे गमावतो, आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होते. भीमा गुन्हेगार की खाण बंद करणारा? आमच्या इतक्या वर्षांच्या कामात आम्ही पाहिले आहे की, सभेत बेकारीवर तासभर भाषण केले आणि “कोणाला काही विचारावयाचे आहे काय?” असे म्हटले, तर सारे खाली मान घालतात. आपल्याविषयी चारचौघांत बोलणे माणसाला जड जाते. भीमाविषयी बोलावयास सांगा. मग तो स्वतःविषयीच बोलेल, आणि मोकळा बोलेल.

तेव्हा मंडळ काढणाऱ्यांनी इतिहासाने शिकविलेल्या चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात. माणसे दहाबाराच असावीत, म्हणजे प्रत्येकाची पाळी येईल. कथा मोठ्याने वाचावी. ज्याचे वाचन कच्चे आहे किंवा ज्याचा चष्मा घरी राहिला आहे, तोही मग बरोबरीचा होतो. कथेची निवड मतांनी व्हावी, आणि ज्याची कथा पडली त्याने पुढच्या वेळी पुन्हा सुचवावी. वर्गणी असावी, मग ती चहापुरती का असेना. अध्यक्ष मात्र नसावा. असलाच तर त्याने प्रश्न विचारावा आणि गप्प बसावे. सर्वांत अवघड नियम हाच आहे, हे आम्ही पुढारीपणाच्या अनुभवावरून सांगतो.

आज बहुतेकांना अक्षर येते आणि ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. वाचकाची गरज उरली नाही, असे म्हणणारे भेटतील. हवानाच्या कामगारांना वाचक हवा होता तो अक्षर येत नव्हते म्हणून, हे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. गॉम्पर्सच्या सोबत्यांतले कित्येक स्वतः वाचू शकत होते, तरी ते आपले चिरूट मोजून देतच होते. त्यांना पुस्तकाबरोबर एकमेकांचे मत हवे होते, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ते मिळण्याची जागा एकच: गोलाकार टाकलेली सतरंजी, मधे एक पुस्तक, आणि शेजारी असा एक मनुष्य की ज्याला कथा आपल्यापेक्षा निराळी कळली आहे. या व्याख्यानमालेच्या मांडवात आज काही शे माणसे बसली आहेत. यांच्यातून दहाबारा निघणे कठीण जाऊ नये. येत्या रविवारी कोणाच्या तरी ओटीवर जमावे, आणि पहिली कथा कोणती, यावर मते घ्यावीत.